सहा-सात-आठ

‘उद्या सहा-सात-आठ!’ एवढे म्हणून आमचे टूर मॅनेजर रात्री कोचमधला माइक जागेवर ठेवीत. सहाला खोलीतला फोन वाजणार, सातला नाश्ता, आठाला कोच निघणार, हा त्या तीन आकड्यांचा अर्थ युरोपच्या सहलीत दुसऱ्या दिवसापासून आम्हां त्रेचाळीस प्रवाशांपैकी बेचाळीस जणांना मुखोद्गत झाला होता. त्रेचाळिसावा माझा नातू. त्याचे वय चार वर्षांचे. आणि ज्या वयात मनुष्याला ‘आत्ता’ आणि ‘मग’ यांपलीकडे काळाचे तिसरे विभाजन ठाऊक नसते, त्या वयाच्या माणसाला आठ वाजण्याचे महत्त्व पटवून देण्याचे काम पॅरिसच्या हॉटेलातील तिसऱ्या मजल्यावरच्या एका अरुंद खोलीत, पलंगाखाली गेलेला उजव्या पायाचा बूट शोधीत, त्याची आई, त्याचा बाप आणि त्याचा आजा असे तिघे मिळून रोज सकाळी करीत होते.

मी महसूल खात्यात हयात घालविलेला माणूस. अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झालो. त्यामुळे कोणतीही व्यवस्था दिसली की तिच्यामागचा हुकूम कोणता, तो कोणी काढला आणि त्याचा अंमल कोणाच्या खांद्यावर येतो, हे पाहण्याची खोड मला जडलेली आहे. मुलगा, सूनबाई, नऊ वर्षांची नात आणि हा नातू यांच्यासह गेल्या मे महिन्यात बारा दिवसांची ही सहल केली, ती वही खिशात ठेवूनच. आणि परतल्यावर ठाणे-दादरच्या बाजूच्या आणखी चार टूर मॅनेजरांना चहाला बोलावून माझ्या टिपणांची फेरतपासणी केली. आम्हांला ज्या कंपनीने नेले तिचे नाव येथे अप्रस्तुत आहे. तिने कागदावर लिहून दिलेले सर्व काही दाखविले. कागदावर जे नव्हते त्याचा हा वृत्तान्त आहे.

पहिले दोन दिवस मला आठाची ही सक्ती म्हणजे कंपनीच्या शिस्तीचा निष्कारण बडेजाव वाटला होता. तिसऱ्या दिवशी पॅरिसहून ल्युसर्नकडे निघालो, नातवाच्या बुटाने नेहमीप्रमाणे बारा मिनिटे खाल्ली आणि आम्ही कोचमध्ये चढताच त्रेचाळीस वजा पाच इतक्या नजरा आमच्यावर खिळल्या, तेव्हा शरमिंदा होऊन मी मॅनेजरजवळ गेलो. सांगलीकडचा तिशीतला मुलगा. तो रागावला नाही. ‘काका, माझं काही नाही, हे यंत्र ऐकत नाही,’ असे म्हणून त्याने चालकासमोरच्या एका लहानशा चौकटीकडे बोट केले. तिला टॅकोग्राफ म्हणतात. चाक केव्हा हलले, केव्हा थांबले, याची नोंद ती मिनिटामिनिटाने ठेवते, आणि रस्त्यात कोणत्याही देशाचा अंमलदार ती नोंद तपासू शकतो. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या ५६१ क्रमांकाच्या नियमावलीप्रमाणे चालकाला दिवसाला नऊ तासांहून अधिक गाडी हाकता येत नाही. आठवड्यातून दोनदाच दहा तासांची मुभा. साडेचार तास चालविले की पंचेचाळीस मिनिटे विश्रांती सक्तीची. चोवीस तासांत अकरा तास सलग विसावा मिळालाच पाहिजे, आणि तो नऊ तासांवर आणण्याची सवलत मोजक्याच वेळा. २०२४ मध्ये सहलींच्या कोचला एवढी ढिलाई मिळाली की ती पंचेचाळीस मिनिटे किमान पंधरा-पंधराच्या तुकड्यांत घेता येतात.

या नियमाचे गणित मांडून पाहिले म्हणजे आठाचे रहस्य उलगडते. सकाळी आठाला चालकाचा दिवस सुरू झाला की अकरा तासांच्या विसाव्यासाठी तो रात्री नऊला संपला पाहिजे. पॅरिस ते ल्युसर्न अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. कोचच्या इंजिनालाच ताशी शंभर किलोमीटरांचा लगाम घातलेला असतो. म्हणजे निव्वळ चाके फिरण्याचे सहा तासांहून अधिक, त्यात सक्तीची विश्रांती, त्यात दुपारचे जेवण, त्यात त्रेचाळीस माणसांचे प्रसाधनगृह. उरेल तेवढ्या वेळात ल्युसर्न पाहायचे. ज्याला सहलपत्रिकेत ‘ल्युसर्नचा लाकडी पूल व सिंहाचे स्मारक’ असे एका ओळीत छापलेले असते, त्याच्या वाट्याला प्रत्यक्षात सव्वा तास येतो. आणि त्या सव्वा तासातून बारा मिनिटे माझ्या नातवाच्या बुटाने अगोदरच वजा केलेली असतात. नियम मात्र मला मनापासून पटला. आपल्याकडे रात्रभर गाडी हाकून पहाटे घाटात डुलकी घेणाऱ्या चालकांच्या हवाली आपण आपली मुले किती वेळा केली आहेत, हे आठवले की त्या यंत्राला नमस्कार करावासा वाटतो. पण चालकाच्या झोपेची काळजी वाहणाऱ्या या व्यवस्थेत मुलाच्या झोपेची तजवीज कोठेच नाही, हेही तितकेच खरे.

त्याचा प्रत्यय आयफेल टॉवरपाशी आला. मे महिन्याच्या अखेरीस पॅरिसला सूर्य साडेनऊच्या पुढे मावळतो, आणि टॉवरवरचे वीस हजार दिवे लुकलुकतात ते अंधारल्यावर, दर तासाला, पाच मिनिटे. त्यासाठी मॅनेजरने त्या दिवशीची सकाळ मुद्दाम दहापर्यंत लांबविली होती. रात्री दहाला आम्ही नदीकाठी उभे राहिलो, दिवे लागले, मंडळींनी ‘आहाहा’ केले. भारतातल्या घड्याळात तेव्हा दीड वाजून गेला होता, आणि मुलांची शरीरे अजून भारतातल्याच घड्याळावर चालत होती. आमच्या गटात बारा वर्षांखालची नऊ मुले. त्यांपैकी सहा बापांच्या खांद्यांवर झोपलेली मी स्वतः मोजली. एक गृहस्थ आपल्या झोपलेल्या मुलीची मान हाताने टॉवरकडे वळवून छायाचित्र काढून घेत होते. त्या छायाचित्रात टॉवर उजळलेला आणि मुलीचे डोळे मिटलेले असे आले. त्यांनी ते दुसऱ्या दिवशी सकाळी मला कौतुकाने दाखविले. मी ‘छान’ म्हणालो.

मूल म्हणजे किती वर्षांचा मनुष्य, हा प्रश्न या प्रवासात जितक्या कचेऱ्यांना विचारावा तितकी उत्तरे मिळतात, आणि हा भाग लिहिताना माझ्यातला जुना कारकून सुखावतो हे कबूल केले पाहिजे. शेंगेनच्या व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ४५. सहाच्या आतले फुकट. बोटांचे ठसे बाराव्या वर्षापासून. विमानाच्या दृष्टीने दोन वर्षांखालचे ते मांडीवरचे बाळ, बारा पुरी झाली की पूर्ण माणूस. आयफेल टॉवर चार वर्षांच्या आतल्यांनाच विनामूल्य चढू देतो, म्हणजे आमच्या नातवाची सवलत वाढदिवसाने दोन महिन्यांनी हुकविली. उलट लूव्हर संग्रहालय अठरा वर्षांपर्यंत कोणालाही आत घेते आणि एक छदाम मागत नाही. व्हेनिसने दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर २०२४ पासून ठरावीक दिवशी कर बसविला, त्यातून चौदाच्या आतले वगळले. आणि सहलकंपनीच्या दरपत्रकात वयाबरोबर बिछान्याचाही विचार होतो: ‘चाइल्ड विथ बेड’, ‘चाइल्ड विदाउट बेड’. युरोपातल्या जुन्या हॉटेलांच्या खोल्या दोन माणसांच्या मापाच्या; तिसऱ्यासाठी सोफ्याची घडी उलगडते, चौथ्यासाठी उलगडण्याजोगे काहीच उरत नाही. नात माझ्या खोलीत आली ती त्यामुळे. पैशांच्या हिशेबात मूल हा असा निरनिराळा अपूर्णांक. पण कोचच्या पायरीशी, घड्याळासमोर, तो पूर्णांक धरला जातो, आणि बहुतेक वेळा एकाहून मोठा.

आता आसनांकडे वळतो, कारण सहलीत जे राजकारण झाले ते सारे आसनांवरून झाले.

कोचमध्ये ‘सीट रोटेशन’ असते. आज पहिल्या रांगेत बसलेल्यांनी उद्या मागे जायचे, मागच्यांनी पुढे सरकायचे. कोणाची तकरार राहू नये म्हणून पहिल्याच दिवशी तक्ता वाटला जातो, आणि बारा दिवसांत प्रत्येक कुटुंबाला पुढची काच एकदा लाभते. ही काच म्हणजे चालकाला दिसणारा सबंध रस्ता. मुलांच्या लेखी तिची किंमत कोणत्याही राजवाड्याहून जास्त. नातीने तक्ता स्वतःच्या वहीत उतरवून घेतला होता, आणि आमचा दिवस सातवा, हे तिने त्याभोवती तांबड्या पेनाने महिरप काढून नोंदविले होते.

तिसऱ्या दिवशी, फ्रान्सची सपाटी सरून डोंगर लागले तसा, अकराव्या रांगेतला नाशिककडचा आठ वर्षांचा मुलगा ओकला. पिशवी वेळेवर उघडली नाही. कोचमधल्या प्रत्येकाने खिडकीबाहेरच्या सृष्टिसौंदर्यात एकाएकी विलक्षण रस घेतला. मुलांना गाडी लागते याचे कारण आता सर्वज्ञात आहे: कानातले समतोलाचे इंद्रिय शरीर हलते आहे असे सांगते, आणि पुढच्या आसनाच्या पाठीवर किंवा मोबाइलवर खिळलेला डोळा काहीच हलत नाही असे सांगतो, या दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि त्याची शिक्षा पोटाला होते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचित होतो. त्यापुढे बारा वर्षांपर्यंतचा काळ सगळ्यांत वाईट. औषधाने मूल पेंगते. त्याहून चांगला उपाय म्हणजे पुढे बसविणे आणि दूर क्षितिजाकडे पाहायला लावणे. पुढे बसविणे! म्हणजे तक्ता मोडणे.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या ओसरीवजा दिवाणखान्यात या प्रश्नावर जी चर्चा झाली तिच्यात ग्रामसभेचा सर्व मसाला होता. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, नियम एकदा मोडला की मोडलाच. उद्या माझे गुडघे दुखतात म्हणून मीही पुढे बसेन. एक डॉक्टरबाई म्हणाल्या, गुडघे ओकत नाहीत. मुलाची आई काही बोलत नव्हती. तिने ओले टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पिशवी पायाशी धरली होती आणि तिची नजर जमिनीवरून हलत नव्हती. अखेर मॅनेजरने सुचविले की ज्या दिवशी ज्याची पाळी असेल त्या कुटुंबाने खिडकीकडची एक जागा मुलाला आणि एक त्याच्या आईला द्यावी, सक्ती नाही. पहिल्या रांगेत डावीकडे दोन, उजवीकडे दोन अशा चार जागा. दोन गेल्या की आमच्या पाच माणसांच्या वाट्याला दोन. सातव्या दिवशी त्यांतली एक माझ्या मुलाने घेतली, कारण नातू बापाला सोडीना. दुसरीवर नातू बसला, कारण तो दुसऱ्या कोणाच्या शेजारी बसेना. नात माझ्याबरोबर तिसऱ्या रांगेत बसली. तिने वही उघडली नाही. ‘त्याला बरं नाहीये ना,’ एवढे मात्र म्हणाली, आणि मोठ्या माणसाच्या समजूतदारपणाने बाहेर पाहत राहिली. तो समजूतदारपणा मला तिच्या रडण्याहून जड गेला.

आमच्या लहानपणी एसटीच्या सहलीत ही अडचण नव्हती, असे म्हणण्याचा मोह होतो. तो खोटा आहे. महाबळेश्वरच्या घाटात आम्ही वर्गातली अर्धी मुले खिडकीतून मान बाहेर काढून ओकलो होतो. मास्तरांच्या धोतराच्या सोग्यात आवळासुपारी बांधलेली असे, तेवढेच औषध. फरक इतकाच की त्या गाडीत सगळे प्रवासी मूलच होते. आणि हा सहलीचा धंदा ज्याने उभा केला त्या टॉमस कुकनेही, १८४१ सालच्या ५ जुलैला मद्यपाननिषेधाच्या कार्यकर्त्यांना लेस्टरहून लफबरोला एक शिलिंगात आगगाडीने नेल्यानंतर, पुढच्या उन्हाळ्यांत रविवारच्या शाळांतल्या मुलांच्या सहली काढल्या होत्या. मुलांसाठी काढलेली सहल आणि मुलांसह काढलेली सहल यांत अंतर आहे. आपल्या कंपन्या दुसरी विकतात. सहलपत्रिकेवर छायाचित्र मात्र पहिलीचे असते.

जेवणाविषयी थोडक्यात. युरोपीय संघात बाहेरून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेण्यास बंदी आहे. तान्ह्यांच्या दुधाच्या भुकटीला दोन किलोपर्यंत सूट. हे कळल्यावर सूनबाईंनी तुपाची बरणी आणि पेढे आदल्या रात्री बॅगेतून काढले, आणि मेतकूट, भाजणी, चिवडा, विजेची किटली एवढ्यावर भागविले. कोचमध्ये खाण्यास चालकाची मनाई. त्यामुळे साडेअकराला लागलेली भूक दीडच्या भारतीय हॉटेलापर्यंत तग धरू शकत नसे, आणि दर विश्रांतीस्थळी नऊ मुले उभ्याउभ्या चिवडा खात. रात्री पुन्हा भारतीय हॉटेल: जिरा राइस, पिवळी डाळ, पनीर, गुलाबजाम, पॅरिसला तेच, ल्युसर्नला तेच, रोमला तेच. ‘मुलं आहेत, इंडियन जेवणच हवं,’ असे बुकिंगच्या वेळी पालक बजावतात, असे मला चारही मॅनेजरांनी सांगितले; आणि चौघांनीही पुढे जवळजवळ एकाच शब्दांत पुस्ती जोडली की जेवणाची कुरबुर करतात ती मोठी माणसे, पोरे सकाळी पाव-लोणी-जॅम पोटभर हाणतात आणि रात्री डाळीसमोर झोपतात.

सर्वांत वादग्रस्त बाब पट्ट्याची. युरोपात कोचमध्ये तीन वर्षांपुढच्या प्रत्येक प्रवाशाने पट्टा लावून बसायचे, मधल्या वाटेत उभे राहायचे नाही. आपली मराठी सहल ही मूलतः मधल्या वाटेत घडते. भेंड्या, हाउजी, वाढदिवसाचा केक, पन्नाशीच्या काकूंचा नाच, सारे तेथेच. पहिल्या भेंडीला मुले जागेवरून उठताच चालकाने, पोर्तुगालच्या त्या अबोल गृहस्थाने, आरशात पाहून गाडीचा वेग कमी केला आणि मॅनेजरला एकच वाक्य ऐकविले. नाच बंद झाला. भेंड्या मात्र पट्टे बांधून चालल्या, आणि मराठी गाण्यांचे ‘ण’ अक्षर आले की जसे व्हावे तसे सर्व अडकले. लहानग्यांना तो पट्टा नीट बसत नाही. तो मोठ्यांच्या कमरेच्या मापाचा असतो, नातवाच्या तो पोटावर चढे. कोचमध्ये मुलांच्या जादा आसनांची सोय असते का, हा प्रश्न बुकिंगच्या टेबलावर कोणीही विचारीत नाही. आम्हीही विचारला नव्हता.

एका ठिकाणी मात्र मुलांनी कोच जिंकला. स्वित्झर्लंडमधून इटलीकडे जाताना गोट्टहार्डचा बोगदा लागतो. बोगदा आला की ओरडायचे, हा आपल्या मुलांचा खंडाळ्याच्या घाटातला परंपरागत हक्क आहे. तो बजावीत नऊच्या नऊ मुलांनी प्रवेशद्वारापाशीच आरोळी ठोकली. १९८० साली वाहतुकीला खुला झालेला हा बोगदा जवळजवळ सतरा किलोमीटर लांब आहे. तो पार व्हायला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. पहिल्या मिनिटाला आरोळी दणदणीत होती. दुसऱ्या मिनिटाला तिच्यात दम घेण्याच्या जागा आल्या. तिसऱ्याला दोघेच उरले, नाशिकचा मुलगा आणि माझी नात. मग तीही थांबली आणि सगळ्या कोचमध्ये एक अपूर्व शांतता पसरली. पिवळे दिवे एकामागून एक मागे जात होते. चौथ्या-पाचव्या मिनिटाला नातू हळूच म्हणाला, ‘बाबा, अजून आहे?’ आणि त्यावर निवृत्त बँक अधिकाऱ्यांसह सबंध कोच हसला, आणि चालकसुद्धा. टिटलिसवर एंगेलबर्गच्या हजार मीटरांपासून तीन हजार वीस मीटरांवर पाळण्यांनी चढलो, शेवटचा टप्पा फिरत्या पाळण्याने, बर्फ पाहिले, शाहरुख-काजोलच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमांशेजारी रांग लावली. पण घरी आल्यावर मुले आठवण काढतात ती बोगद्याची.

आता व्हेनिस. कोच त्या शहरात जाऊच शकत नाही. त्रोंकेतो नावाच्या बेटावर तो थांबतो आणि पुढे नाव. शहरात चारशेहून अधिक पूल, बहुतेकांना पायऱ्या. म्हणजे ज्या बाबागाडीच्या भरवशावर आपण मुलाला आणलेले असते ती दर दोनशे पावलांवर उचलायची. व्हेनिसने २०२४ पासून वाटाड्याच्या गटावर पंचवीस माणसांची मर्यादा घातली आणि ध्वनिवर्धक बंद केले, त्यामुळे आमचे दोन गट झाले. दोन गट म्हणजे हजेरी दोनदा. आम्हांला प्रत्येकाला पहिल्याच दिवशी क्रमांक मिळाले होते. मॅनेजर ‘एक’ म्हणे, मग आपापला आकडा आपण पुकारायचा. नातवाचा आकडा सतरा. हे काम त्याला अतोनात आवडले होते. बारा दिवसांत त्याच्या हाती आलेला तेवढाच अधिकार.

सान मार्को चौकात दुपारी दोनला आमच्या गटाची हजेरी झाली. सोळा, मी म्हणालो. मग शांतता. मग अठराही नाही, कारण नातीने सवयीने तोंड उघडले आणि मिटले. बाबागाडी होती, तिच्यात सूनबाईंची पर्स आणि दोन पाण्याच्या बाटल्या होत्या. मुलाला वाटले तो आईजवळ, आईला वाटले आजोबांजवळ, आणि आजोबा एका भिंतीवरचा सिंह पाहत उभे होते. त्यापुढची सात मिनिटे मी लिहू शकत नाही. त्या चौकात कबुतरांएवढीच माणसे असतात आणि चारही बाजूंनी गल्ल्या फुटतात, एवढेच सांगतो. मॅनेजरने दुसऱ्या गटाला फोन लावला आणि फोनमधून, मधे वाऱ्याचा आवाज असतानाही सर्वांना ऐकू येईल असा, खणखणीत ‘सतरा!’ आला. कोल्हापूरच्या एका आजीबाईंचा हात धरून तो त्यांच्या गटाबरोबर पूल ओलांडून गेला होता. आजीबाईंना तो दोन दिवस ‘पणजी’ म्हणत होता आणि त्यांनी त्याला खिशातले खडीसाखरेचे खडे दिले होते. त्यांच्याही गटात हजेरी चालू होती; सतरा आकडा तेथे कोणाचा नव्हता, पण त्याने तो पुकारला.

त्या प्रसंगानंतर आजीबाईंवर कोणी रागावले नाही, याची नोंद केली पाहिजे. चाळीत किंवा वाड्यात वाढलेल्या माझ्या पिढीला हे ठाऊक आहे की मूल हरवते ते बहुधा दुसऱ्याच्या घरात. कोचमध्ये पाचव्या दिवसापर्यंत मुले आपापल्या आईबापांची राहिली नव्हती. डॉक्टरबाई नातीच्या वेण्या घालीत. बँक अधिकारी, ज्यांचा तक्त्याचा आग्रह मी वर लिहिला, ते नाशिकच्या मुलाला बुद्धिबळ शिकवीत, आणि त्याने मोबाइलवर पाहू नये म्हणून कागदावर पट आखून. शहरातल्या दोन खोल्यांत एकटे वाढणाऱ्या मुलाला बारा दिवस सात काका आणि नऊ मावश्या मिळणे ही गोष्ट कोणत्याही कंपनीच्या दरपत्रकात नाही, आणि ती कोणी विकू लागला तर तिची गोडी राहील असे मला वाटत नाही. एरवी सहलीला विरोध करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने ‘मग एवढ्या पैशात गणपतीला गावी का नाही नेलंस?’ असे विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. तेथे आता मुलेच नसतात, हे त्यालाही माहीत होते.

रोमच्या शेवटच्या रात्री जेवणानंतर अभिप्रायाचे छापील कागद वाटले गेले. हॉटेल, भोजन, कोच, टूर मॅनेजर. प्रत्येकापुढे उत्तम, चांगले, साधारण अशा चौकटी. कुटुंबाला एक कागद. मुलाने सर्वत्र ‘उत्तम’वर खुणा केल्या, आणि त्यात लबाडी नव्हती; मॅनेजर खरोखरच उत्तम होता. ‘इतर सूचना’ ही जागा त्याने रिकामी सोडली. नातीने कागद मागून घेतला, माझ्या पेनाने काही लिहिले आणि घडी घालून स्वतःच मॅनेजरला नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर, सामानाच्या रांगेत उभे असताना, मी मॅनेजरला सहज विचारले की तिने काय लिहिले. त्याने बाकीचे कागद ज्या खाकी लिफाफ्यात होते तो उघडला नाही. शर्टाच्या खिशातून आमचा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. तळाशी, महिरपीत, लिहिलेले होते: ‘माझी पुढची सीट राहिली आहे.’ मी वाचून परत दिला, आणि त्याने तो पुन्हा शर्टाच्याच खिशात ठेवला.